खेळाडू विरुद्ध मॅनेजर: व्यावसायिक फुटबॉलमधल्या वादांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं मुख्यतः इंग्लंड आणि युरोपातल्या व्यावसायिक फुटबॉलला धरून आहेत. गाजलेले वाद तिथले आहेत आणि त्यांचा तपशीलही तिथेच उघड झाला आहे. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे नियम मात्र आंतरराष्ट्रीय स्तरावर सगळ्या व्यावसायिक खेळाडूंना लागू होतात. भारतातल्या खेळाडूंसाठी शेवटी दोन प्रश्न वेगळे घेतले आहेत.

मॅनेजरच्या हातात नेमकं काय असतं?

मॅनेजर म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक. त्याच्या हातात वाटतं त्यापेक्षा कमी असतं. खेळाडूचा करार क्लबशी असतो, मॅनेजरशी नाही. पगार थांबवणं, दंड करणं, करार रद्द करणं ही कामं क्लबची. मॅनेजर फार तर शिफारस करतो. त्यामुळे "मॅनेजरने हाकललं" अशी बातमी आली की कागदावर सही कोणाची आहे ते आधी बघावं.

त्याच्या हातात तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे सामन्यासाठीची निवड. दुसरी, सरावाचा गट: मुख्य संघासोबत, युवा संघासोबत की एकट्याने. तिसरी गोष्ट चाहत्यांच्या सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे नोंदणीची यादी. प्रीमियर लीगमध्ये २१ वर्षांवरचे जास्तीत जास्त २५ खेळाडू नोंदवता येतात आणि त्यांतले तरुणपणी इंग्लंड-वेल्सच्या क्लबांत न घडलेले १७ पेक्षा जास्त चालत नाहीत. या यादीतून नाव गळलं की जानेवारीपर्यंत लीगचा एकही सामना खेळता येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आर्सेनलने मेसुत ओझिलचं नाव प्रीमियर लीग आणि युरोपा लीग या दोन्ही याद्यांतून वगळलं. पगार चालू, सराव चालू, खेळ मात्र बंद. जानेवारी २०२१ मध्ये तो फेनरबाचेला गेला.

वाद बहुतेक कशावरून पेटतात?

बेंचवर बसवण्यावरून, जागा बदलण्यावरून, दुखापत असताना खेळवण्यावरून किंवा बरं वाटत असूनही न खेळवण्यावरून, उशिरा येण्यावरून. नवा मॅनेजर आला की जुन्याने आपल्या पद्धतीसाठी विकत घेतलेले दोन-तीन खेळाडू त्याला नको असतात, आणि तिथे भांडणाआधीच ठिणगी पडलेली असते.

आमच्या मते सगळ्यात टाळता येण्यासारखं कारण पत्रकार परिषदेत घडतं. ३ सप्टेंबर २०२३ रोजी मँचेस्टर युनायटेड आर्सेनलकडून ३-१ हरलं. जेडन सँचो संघात का नाही, असं विचारल्यावर मॅनेजर एरिक टेन हाग यांनी सरावातली कामगिरी पुरेशी नसल्याचं सांगितलं. त्याच संध्याकाळी सँचोने समाजमाध्यमावर लिहिलं की हे खरं नाही आणि बऱ्याच काळापासून आपल्याला बळीचा बकरा केलं जातंय. "निवड तांत्रिक कारणांवरून झाली" एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते न बोलल्यामुळे क्लबचा मोठ्या किमतीचा खेळाडू जानेवारीपर्यंत मुख्य संघाबाहेर राहिला.

बदली करायची म्हटल्यावर खेळाडू मैदान सोडायलाच तयार नसेल तर पंच काय करतात?

काहीच करत नाहीत. खेळाच्या तिसऱ्या नियमात स्पष्ट लिहिलंय की बाहेर जाणारा खेळाडू नकार देत असेल तर सामना पुढे चालू ठेवायचा. पंच त्याला ओढून बाहेर काढत नाहीत.

२४ फेब्रुवारी २०१९ ला वेम्बलीवर लीग कपच्या अंतिम सामन्यात हेच घडलं. जादा वेळेची शेवटची मिनिटं चालू होती. चेल्सीचा गोलरक्षक केपा अरिझाबालागाच्या पायात गोळे आले होते. तो दुखावला असं समजून मॅनेजर मॉरिझिओ सारी यांनी विली काबायेरोला रेषेपाशी उभं केलं, फलकही वर गेला. केपाने बोट हलवून नाही म्हटलं आणि जागचा हलला नाही. सारी तणतणत आत जायला निघाले आणि परत फिरले. चेल्सी पेनल्टीत ४-३ हरलं.

पुढे जे झालं ते आम्हाला अशा प्रकरणांतलं सगळ्यात नीटनेटकं वाटतं. दोघांनीही गैरसमज झाल्याचं सांगितलं. क्लबने एक आठवड्याचा पगार दंड केला आणि ती रक्कम चेल्सीच्या धर्मादाय संस्थेला गेली. तीन दिवसांनी टॉटनमविरुद्ध गोलपोस्टखाली काबायेरो होता. त्याच्या पुढच्या सामन्यात केपा परत आला. शिक्षा लगेच झाली, सगळ्यांना दिसली आणि तिला शेवटही होता.

दंड किती करता येतो आणि त्याची पद्धत काय?

इंग्लंडमधल्या प्रमाणित करारानुसार पहिल्या चुकीला जास्तीत जास्त दोन आठवड्यांचा मूळ पगार. १२ महिन्यांत पुन्हा चूक झाली तर चार आठवड्यांपर्यंत. त्यापुढे जायचं तर खेळाडूंची संघटना पीएफए हिची संमती लागते. क्रम असा: लेखी आरोप, सुनावणी, लेखी निर्णय, मग क्लबच्या संचालक मंडळाकडे अपील आणि तिथेही समाधान झालं नाही तर लीगकडे.

कार्लोस तेवेझच्या प्रकरणात यातली जवळजवळ प्रत्येक पायरी बघायला मिळते. २७ सप्टेंबर २०११, म्युनिक, बायर्नविरुद्ध चॅम्पियन्स लीग. मँचेस्टर सिटी २-० मागे असताना तेवेझ मैदानात उतरायला तयार नव्हता, असं मॅनेजर रॉबर्टो मान्चिनी यांनी सामन्यानंतर जाहीर सांगितलं. तेवेझचं म्हणणं होतं की मी एकदा वॉर्म-अप केला होता, पुन्हा करायला नकार दिला, खेळायला नाही. क्लबने दोन आठवडे निलंबित करून चौकशी केली, कराराच्या पाच कलमांचा भंग झाल्याचं ठरवलं आणि चार आठवड्यांचा दंड लावला. इथे पीएफए आडवी आली. खेळायला नकार दिल्याचं सिद्ध होत नाही, असं तिचं म्हणणं पडलं. दंड दोन आठवड्यांवर आला.

इथपर्यंत तेवेझची बाजू बरी होती. नोव्हेंबरमध्ये तो परवानगी न घेता अर्जेंटिनाला निघून गेला आणि ती घालवून बसला. या वेळी गंभीर गैरवर्तन म्हणून सहा आठवड्यांचा पगार कापला गेला. वॉर्म-अपचा वाद दोन्ही बाजूंनी मांडता येतो. विनापरवानगी गैरहजेरीचा मांडता येत नाही.

"एकट्याने सराव" म्हणजे काय? तो कायदेशीर आहे का?

खेळाडूला मुख्य संघापासून वेगळं काढायचं. तो युवा संघासोबत किंवा एका प्रशिक्षकासोबत, बऱ्याचदा वेगळ्या वेळेला सराव करतो. काही ठिकाणी जेवणाची जागा आणि कपडे बदलायची खोलीही वेगळी होते. फ्रान्समध्ये अशा नको झालेल्या खेळाडूंच्या गटाला "लॉफ्ट" म्हणतात.

शिस्तीचा भाग म्हणून थोड्या दिवसांसाठी हे सगळीकडे चालतं. महिनोन्‌महिने चाललं की देशागणिक उत्तर बदलतं. स्पेनमध्ये खेळाडूंच्या रोजगाराविषयीचा १९८५ चा राजादेश सांगतो की दुखापत किंवा शिस्तीची शिक्षा नसेल तर खेळाडूला सरावापासून तोडता येत नाही. इटलीत सामूहिक करारानुसार पहिल्या संघासोबत सराव करणं हा खेळाडूचा हक्कच आहे. तो डावलला तर खेळाडू लवादाकडे जाऊन परत घेण्याची किंवा करार संपवण्याची मागणी करू शकतो, शिवाय भरपाईही मागू शकतो. गोरान पांदेवने २००९ मध्ये लाझिओविरुद्ध नेमकं हेच केलं. डिसेंबरमध्ये लवादाने करार संपवला आणि १ लाख ६० हजार युरो भरपाई दिली. तो इंटर मिलानला गेला आणि त्याच हंगामात लीग, इटालियन कप आणि चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या संघाचा भाग झाला.

फिफाच्या नियमांत २०१८ पासून एक महत्त्वाचं वाक्य आलंय. करार मोडायला किंवा त्याच्या अटी बदलायला भाग पाडावं या हेतूने एका पक्षाने जाच केला, तर दुसऱ्या पक्षाला करार संपवायला योग्य कारण मिळतं. पण हेतू सिद्ध करावा लागतो. म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवा: तारीख, सरावाची वेळ, सोबत कोण होतं, कोणता प्रशिक्षक होता, कोणत्या संदेशाने कळवलं. दोन महिन्यांनी आठवून लिहिलेल्या टिपणाला लवाद फारसं वजन देत नाही.

मॅनेजर मला खेळवतच नाही. एवढ्यावर करार मोडता येतो का?

येतो, पण वाट अरुंद आहे. फिफाच्या कलम १५ नुसार प्रस्थापित व्यावसायिक खेळाडू हंगामात क्लबच्या अधिकृत सामन्यांपैकी १० टक्क्यांहून कमी सामन्यांत उतरला असेल, तर खेळाच्या कारणावरून करार मुदतीआधी संपवू शकतो. क्लब हंगामात ५० सामने खेळला असेल तर तुमचे चार किंवा त्याहून कमी हवेत. पाच झाले की बरोबर १० टक्के, आणि हक्क गेला.

अडचणी इथेच येतात. पहिली, "प्रस्थापित" कोण हे प्रत्येक प्रकरणात वेगळं ठरतं, १९ वर्षांच्या होतकरू खेळाडूला हे कलम सहसा उपयोगी पडत नाही. दुसरी, दुखापत किंवा निलंबनामुळे हुकलेले सामने क्लब लगेच पुढे करतो. राखीव गोलरक्षकाचं तर कामच बेंचवर बसायचं असतं. तिसरी, मुदत: क्लबच्या हंगामातल्या शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर १५ दिवसांत नोटीस गेली पाहिजे. सोळाव्या दिवशी त्या हंगामासाठी दार बंद. आणि हे सगळं जमलं तरी खेळबंदी टळते, भरपाई द्यावी लागू शकते.

रागाच्या भरात निघून गेलो तर?

फार महाग पडतं. लासाना दियारा हा फ्रेंच मधल्या फळीचा खेळाडू २०१३ मध्ये चार वर्षांच्या करारावर लोकोमोटिव्ह मॉस्कोला गेला. पुढच्या वर्षी प्रशिक्षक लिओनिद कुचुक यांच्याशी बिनसलं, पगारकपातीचा वाद आला, सरावाला येणं थांबलं, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये क्लबने करार रद्द केला. फिफाच्या समितीने क्लबच्या बाजूने निकाल देत दियाराला १ कोटी ५ लाख युरो भरायला सांगितलं. नवा क्लबही या रकमेला जबाबदार धरला जाईल या भीतीने बेल्जियमच्या शार्लरुआशी ठरत आलेला व्यवहार फिसकटला.

दियारा लढत राहिला. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने नव्या क्लबला आपोआप जबाबदार धरणारे फिफाचे नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले आणि जानेवारी २०२५ पासून फिफाने अंतरिम नियम आणले. सगळ्या खेळाडूंना याचा फायदा झाला. तोवर ज्याने हा लढा दिला त्याची कारकीर्द संपलेली होती.

हेही ध्यानात असू द्या: करार करताना वय २८ पेक्षा कमी असेल तर पहिले तीन हंगाम किंवा तीन वर्षं, आणि त्यापुढचं असेल तर दोन, हा "संरक्षित काळ" असतो. त्यात विनाकारण करार मोडला तर चार महिने, गंभीर प्रकरणात सहा महिने अधिकृत सामने खेळता येत नाहीत.

क्लब शेवटी कोणाच्या बाजूने उभा राहतो?

कोणाला घालवणं स्वस्त पडतंय हे बघून. पॉल पोग्बाला युनायटेडने २०१६ मध्ये सुमारे ८.९ कोटी पौंडांना घेतलं. पाच वर्षांत विभागलं तर दर वर्षी सुमारे १.७८ कोटी पौंड हिशेबात खर्ची पडतात, म्हणजे डिसेंबर २०१८ मध्ये निम्मी किंमत अजून वह्यांत शिल्लक होती. पडत्या भावात त्याला विकणं म्हणजे थेट तोटा. सप्टेंबरमध्ये मॅनेजर जोझे मोरिन्यो यांनी त्याचं उपकर्णधारपद काढलं होतं. १८ डिसेंबरला मोरिन्योच गेले. त्यांना आणि त्यांच्या काही सहायकांना मिळून क्लबने १.९६ कोटी पौंड भरपाई दिली. ही रक्कम मोठीच, पण पोग्बाला मिळेल त्या भावात सोडण्याचा तोटा त्याहून मोठा झाला असता.

त्याच्या तीन वर्षं आधी चेल्सीत मोरिन्योच मॅनेजर होते, आणि तिथेही हिशेब वेगळा नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये संघ १६ व्या क्रमांकावर होता. मॅनेजर आणि खेळाडूंमध्ये उघड दिसणारा बेबनाव आहे, असं तांत्रिक संचालक मायकल एमेनालो यांनीच क्लबच्या वाहिनीवर सांगितलं. अख्खा संघ बदलता येत नाही, मॅनेजर बदलता येतो.

ॲलेक्स फर्ग्युसन यांची गोष्ट निराळी होती, कारण १९८६ पासून त्यांनी मँचेस्टर युनायटेड हा क्लबच स्वतःभोवती उभा केला होता. १५ फेब्रुवारी २००३ ला आर्सेनलकडून कपमध्ये हरल्यावर त्यांनी रागाने लाथाडलेला बूट डेव्हिड बेकहमच्या डोळ्याच्या वर लागला. त्या उन्हाळ्यात बेकहम रेआल माद्रिदला गेला. २००५ मध्ये कर्णधार रॉय कीनने मिडल्सब्रोकडून ४-१ हरल्यावर क्लबच्याच वाहिनीवर सहकाऱ्यांना झोडपलं. मुलाखत प्रसारित झालीच नाही आणि १८ नोव्हेंबरला कीन क्लबबाहेर होता. आज इतका पाठिंबा जवळपास कोणत्याच मॅनेजरला मिळत नाही. खेळाडूंची खरेदी-विक्री बघायला वेगळे संचालक असतात.

देशाच्या संघात हे वाद जास्त का चिघळतात?

क्लबमध्ये जानेवारीत विकता येतं, उसनं देता येतं. विश्वचषकात माणसं महिनाभर एका हॉटेलात असतात, पर्याय एकच: घरी पाठवणं.

मे २००२, सायपान बेट. विश्वचषकाआधी आयर्लंडचा संघ तिथे उतरला तेव्हा मैदान टणक होतं आणि सरावाचं साहित्य वेळेवर आलं नव्हतं. कीनने वृत्तपत्राला मुलाखत देऊन ते बोलून दाखवलं. मॅनेजर मिक मॅकार्थी यांनी सगळ्या संघासमोर त्याला जाब विचारला. कीन उसळला आणि त्याला परत पाठवलं गेलं. त्याच्याशिवाय आयर्लंड दुसऱ्या फेरीत गेलं आणि स्पेनकडून पेनल्टीत हरलं. नंतरच्या स्वतंत्र अहवालात संघटनेच्या नियोजनातल्या त्रुटी मान्य झाल्या, म्हणजे कीनच्या तक्रारीत तथ्य होतं. आमच्या मते मॅकार्थी यांची चूक जागेची झाली. ही बोलणी बंद खोलीत दोघांत व्हायला हवी होती. वीसेक माणसांदेखत मागे हटणं दोघांनाही अशक्य झालं.

२०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत फ्रान्सचं याहून वाईट झालं. मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला निकोला आनेल्का प्रशिक्षक रेमों दोमेनेक यांच्यावर घसरला. ते शब्द वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आले आणि त्याला घरी पाठवलं. २० जूनला नाइज्ना इथे खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला. कर्णधार पात्रिस एव्राशी भांडण झाल्यावर फिटनेस प्रशिक्षक रोबेर द्युवेर्न यांनी हातातलं घड्याळ भिरकावलं. सगळे बसमध्ये जाऊन बसले आणि खेळाडूंचं निवेदन पत्रकारांना वाचून दाखवलं खुद्द दोमेनेक यांनी! फ्रान्स गटात तळाला राहिलं. आनेल्कावर १८ सामन्यांची बंदी आली, एव्रावर पाच.

सप्टेंबर २०२२ मध्ये स्पेनच्या १५ महिला खेळाडूंनी महासंघाला एकाच मजकुराचे ईमेल पाठवून परिस्थिती बदलेपर्यंत आपल्याला बोलावू नका असं कळवलं. त्यांतल्या तिघीच २०२३ च्या विश्वचषकात खेळल्या. स्पेन जिंकलं, आणि तरीही ५ सप्टेंबरला प्रशिक्षक होर्हे विल्दा यांना जावं लागलं. चांगल्या निकालाने तक्रार खोटी ठरत नाही, हे ज्या बाहेर राहिल्या त्यांच्यामुळे सगळ्यांना कळलं.

एक व्यावहारिक मुद्दा: देशाचं बोलावणं आल्यावर न गेलेल्या खेळाडूला महासंघाची वेगळी संमती नसेल तर त्या काळात क्लबसाठीही खेळता येत नाही, आणि ही बंदी पुढे पाच दिवस लांबते.

मुलाखत द्यावी का?

क्लबमध्ये राहायचं असेल तर नाही. मँचेस्टर युनायटेडच्या क्रिस्तियानो रोनाल्डोने १९ ऑक्टोबर २०२२ ला टॉटनमविरुद्ध बदली म्हणून उतरायला नकार दिला आणि सामना संपण्याआधीच आत निघून गेला. एका सामन्यासाठी वगळल्यावर तो परत संघात आला, गोलही केला. म्हणजे तोवर सांधता येत होतं. नोव्हेंबरमधल्या दूरचित्रवाणी मुलाखतीनंतर २२ तारखेला करार संपला.

एकदा बिनसलं की पुन्हा जुळतं का?

जुळतं, जर तीन गोष्टी झाल्या तर. खेळाडू सरावाला येत राहिला किंवा परत आला, माफी किंवा खुलासा लेखी आणि मोजक्या शब्दांत झाला, आणि मॅनेजरने परत घेतल्यावर लगेच खेळवलं. तेवेझने फेब्रुवारी २०१२ मध्ये माफी मागितली. २१ मार्चला चेल्सीविरुद्ध तो बदली म्हणून उतरला आणि समीर नासरीच्या विजयी गोलचा पास त्याचाच होता. १४ एप्रिलला नॉरिचविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली. सिटी त्या वर्षी केवळ गोलफरकावर विजेता झाला. मान्चिनी आपल्या शब्दावर अडून बसले असते तर ते विजेतेपद गेलं असतं, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

एजंटला केव्हा बोलवावं?

लेखी आरोप हातात पडला की लगेच. त्याआधी मॅनेजरशी स्वतः बोला. निवडीची तक्रार एजंटच्या तोंडून आली की बहुतेक मॅनेजर ती दुसऱ्या क्लबला जाण्याची मागणी समजतात.

आयएसएल किंवा गोव्याच्या क्लबमध्ये खेळतो. प्रशिक्षकाशी पटत नाही आणि पगारही थकलाय. काय करू?

दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. प्रशिक्षकाशी न पटणं हे कायद्याने कमकुवत कारण आहे, थकलेला पगार भक्कम. फिफाच्या कलम १४ बिस नुसार किमान दोन महिन्यांचे पगार ठरल्या तारखेला मिळाले नसतील, तर क्लबला लेखी नोटीस देऊन पैसे भरायला १५ दिवस द्यायचे. तेवढ्यात भरले नाहीत तर करार संपवायला योग्य कारण मिळतं. नोटिशीत थकीत महिने, रक्कम आणि बँक खातं स्पष्ट लिहा, पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा आणि त्या १५ दिवसांत एकही सराव चुकवू नका. लोक इथेच घसरतात: पैसे नाहीत म्हणून घरी बसतात आणि क्लबला गैरहजेरीचं कोलीत मिळतं.

देशांतर्गत तक्रार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीकडे जाते. भारतीय फुटबॉलपटूंच्या संघटनेशी, एफपीएआयशी, त्याआधीच संपर्क करा. कराराची सही झालेली प्रत स्वतःजवळ ठेवा. हंगामाच्या मध्यावर क्लबकडे ती मागायला गेल्यावर मिळेलच असं नाही.

कोल्हापुरात तालमीच्या संघाकडून खेळतो. सामन्याचे थोडे पैसे मिळतात, करार नाही. हे नियम मला लागू होतात का?

नाही. फिफाच्या व्याख्येनुसार व्यावसायिक खेळाडू तोच, ज्याचा लेखी करार आहे आणि ज्याला खेळण्याच्या खर्चापेक्षा जास्त मोबदला मिळतो. दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हायला हव्यात. बाकी सगळे हौशी. त्यामुळे तुमचा वाद मंडळ आणि जिल्हा संघटनेच्या पातळीवरच सुटेल. पुढच्या हंगामात एखाद्या व्यावसायिक क्लबने बोलावलं, तर पहिल्या सरावाला जायच्या आधी मुदत, महिन्याचा पगार, पगाराची तारीख आणि दुखापतीत उपचाराचा खर्च कोणाचा, या चार गोष्टी कागदावर घ्या.